आपा आणि वर राहिलेली बाई

नवापूरला मला हाताला धरून उभं केलं ते जुबेदाआपानं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही हसाल. हसा. पण आपाला वेडी म्हणू नका.

आपाच्या शिलाईच्या दुकानात माप द्यायला आलेल्या बाईला परवापर्यंत आधी मोबाइल बघावा लागायचा. "बस बेटा. पहिले एक भाग देख, मंग माप." मोबाइल मशीनजवळ दोऱ्याच्या रिळांना टेकवलेला, आणि त्यात सकाळी दुकान उघडल्यापासून एकच मालिका. हिंदीत बोलणारी गोरी माणसं, एक मोठं यान, आणि कुठल्याशा ग्रहावर मागे राहिलेली एक बाई. तिचं नाव आपाच्या जिभेवर बसत नाही. आपा तिला 'आपली बाई' म्हणते.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी यान उडून जातं. आपली बाई एकटीच रेडिओवर विचारत राहते, "कोई सुन रहा है?" तिथंच संपतं. तिसरा सीझन येणार होता. मग बातमी आली, बघणारे कमी पडले म्हणून कंपनीनं मालिकाच बंद केली.

त्या दिवशी आपानं एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

"कात्री मन्ही, आन कापतस ह्या!" ती कंपनीवाल्यांवर ओरडली. "मी कोणाना शर्ट अर्धा सोडत नही. ह्यास्नी तर बाईच सोडी दिनी!"

कोणीतरी सांगितलं की कंपनी बघणारे मोजते. तेव्हापासून मोबाइल दिवसभर चालू, शेजारणींच्या मोबाइलवरही सक्ती. अंडी विकणारी मंगलाबाई एकदा वैतागली, "आपा, हाई तुन्ही मावशीनी पोर शे का?"

"मंगला, तू इथून उठीसन घर जाशी," आपा म्हणाली. "ती कोठे जाई?"

मंगलाबाई पुढचाही भाग बघून गेली.

मी तोरणमाळकडच्या एका पाड्यावरची. घरात आमची पावरी बोली, आठवीत शाळा सुटली. इथं आपाकडे शिलाई शिकायला आले तेव्हा मला सगळ्याचीच धास्ती. मशीनच्या वेगाची, एसटी स्टँडची, आणि आपा परत पाठवेल याची तर रोजची. आपानं पाठवलं नाही. उलट रोज दुपारी माझ्याकडून घरी फोन लावून घेते. आमच्याकडे रेंज फक्त टेकडीच्या टोकाला येते, त्यामुळे बहुतेक वेळा लागतच नाही.

"नाही लागत, आपा."

"तरी लाव."

एकदा मी तिला सांगितलं, माझा बाप गोष्ट सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणत राहायचं असतं. हूं थांबला की बाप थांबतो. ऐकणारेच झोपले तर सांगायचं कोणासाठी?

आपाची सुई हातातच राहिली. "मंग मी दुसरं काय करी ऱ्हायनू?"

आपाचा मुलगा सुरतेला असतो, कापडाच्या धंद्यात. शुक्रवारी आपाच त्याला फोन लावते. मागे एकदा ती त्याला आपल्या बाईचं सांगायला लागली, तेवढ्यात "अम्मी, बाद में," असा त्याचा आवाज शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आला. आपा मात्र बोलत राहिली. "हां... हां... तू खाना खा ले पहले..." मी टाचणी द्यायला वाकले तर तिच्या कानाशी फोन केव्हाच कट होऊन काळा पडलेला.

मी टाचणी घेऊन तशीच मागे सरले.

परवा मोबाइलमधून ती मालिकाच गेली. जुने भागसुद्धा कंपनीनं काढून टाकले, हे नंतर कळलं. मी पुन्हा पुन्हा शोधली, माझ्याच हातून काही पुसलं गेलं की काय या भीतीनं. आपानं मोबाइल घेतला, ओढणीनं पुसला आणि बंदच रिळांना टेकवून ठेवला. त्या दिवशी कोणालाही काही न दाखवता मापं घेतली गेली.

दुपारी बटणांची काजं करता करता ती आपणहून सांगायला लागली. यान कसं निघालं, आपली बाई पाणी शोधायला खाली कशी उतरली. मी मान वर न करता "हूं" म्हणत गेले. रेडिओपाशी येऊन ती थांबली. मी हूं म्हणाले. पुढे तिच्याकडे काही नव्हतंच.

एक दिवस मी आपाला आमच्या पाड्यावर नेणार आहे. बापानं ती मालिका पाहिलेली नाही, पण त्यानं गोष्टीतलं माणूस अजून एकदाही वाटेत सोडलेलं नाही. तो त्याच्या गोष्टीत आपल्या बाईला घरी आणेल. आपानं फक्त हूं म्हणायचं. घाट चढताना तिचे गुडघे बोलतील, तेव्हा हात मी धरीन.