सुया असेपर्यंत उठू नये

मानवी शरीरात ऊर्जा वाहत असते आणि ती कुठे ना कुठे अडतेच, हे चीनमध्ये फार पूर्वी ठरलेलं आहे. शिवाजी पेठेतल्या तेजस्वीची ती कंबरेत अडली होती. अकरा महिन्यांचं बाळ डाव्या कडेवर घेऊन उजव्या हातानं भाकरी उलटण्याची जी शास्त्रीय पद्धत पेठेत रूढ आहे, तिने बहुतेकींची तिथेच अडते.

अ‍ॅक्युपंक्चरचं नाव काढताच सासूबाई, म्हणजे आक्का, म्हणाल्या, "सुया टोचून घ्यायला तू काय वाकळ हायस व्हय?"

तरी ती रविवारी गेली. इच्छुक रुग्णांसाठी प्राथमिक माहिती अशी: सुई केसासारखी बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं. (तेजस्वीला तेही वाटलं नाही. बाळाला नुकते चार दात आले होते, आणि ते त्यांची धार तिच्याच खांद्यावर बघत असे.) मग चाळीस मिनिटं पालथं पडायचं. बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, उठायचं तर मुळीच नाही.

हे शेवटचं कलम डॉक्टर श्रीपाल दबकतच सांगत. तेजस्वीने ते दोनदा वदवून घेतलं.

"घरातनं हाक आली तरी?"

"ताई, सुया असेपर्यंत कुणाचीबी हाक आली तरी."

एरवी ती दुपारी नुसती भिंतीला टेकली, तरी "बरं न्हाई व्हय?" अशी चौकशी होई. बरं असल्याचं कळलं की चहा मागितला जाई. पण अंगात अकरा सुया असलेल्या बाईकडे चहा मागण्याची रीत अजून कोल्हापुरात आलेली नाही.

त्या पहिल्या चाळीस मिनिटांत घरून सात फोन आले. दवाखान्यातल्या मदतनीस रुचिताने सातही वेळा "वहिनींस्नी सुया लावल्यात" एवढंच सांगितलं. विषय: बाळाची टोपी, गॅसचं बटण, नवऱ्याचे, म्हणजे सम्राटचे, निळे मोजे आणि चार वेळा पुन्हा टोपी. तेजस्वी घरी पोचली तेव्हा सातही प्रश्न आपोआप सुटले होते. टोपी बाळाच्या डोक्यावर होती. इतका झटपट गुण आजवर कुठल्याच पॅथीचा आलेला नाही.

सहाव्या रविवारी संकट ओढवलं. कंबर दुखायची थांबली.

"झालं की! आता यायला नको," डॉक्टर आनंदाने म्हणाले.

तेजस्वीचं दुखणं तत्काळ खांद्यात गेलं, पुढच्या रविवारी मानेत आणि तिथून थेट टाचेत. (केसपेपरवर 'फिरतं दुखणं' अशी नोंद आहे.)

टाच ऐकल्यावर आक्का चपला घालून उभ्याच राहिल्या. "कसली टाच? सकाळी तर पळत होतीस. मी बी येतो बघायला."

 आता चोरी उघडी पडणार आणि चाळीस मिनिटं जाणार, एवढंच वाटभर तेजस्वीला दिसत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी आक्कांचा गुडघा सहज दाबून पाहिला, आणि "बघू तर" म्हणत त्या शेजारच्या खाटेवर आडव्या झाल्या. मध्ये फक्त एक पडदा.

फोन वाजला. पलीकडे सम्राट, त्याच्यामागे बाळाचं रडणं. तेजस्वीचा जीव तीळतीळ तुटला. "दोघींस्नीबी सुया हायत," रुचिता म्हणाली. फोन पुन्हा वाजला नाही.

बऱ्याच वेळाने पडद्याआडून हलका आवाज आला. लग्नाला एकेचाळीस वर्षं झालेली ही बाई दिवसाउजेडी पहिल्यांदाच आडवी झाली होती.

"पोरी."

"काय, आक्का?"

"बरं वाटतंय म्हणून बोलशील तर बघ त्या डॉक्टरला! आणि माझा गुडघा लई दुखतोय म्हणून घरात सांग."

घरी बाळ सम्राटच्या छातीवर झोपलं होतं आणि सम्राटला हलता येत नव्हतं. (त्याची ऊर्जा पाठीत अडल्याचं समजतं.)

हा उपचार आपल्याला लागू पडेल का, हे ओळखण्याची सोपी चाचणी आहे. काहीही दुखत नसताना भरदुपारी आडवे व्हा. कुणी "काय झालं?" असं विचारलं, तर लगेच नाव नोंदवा. कुणीच विचारलं नाही, तर आपल्याला सुयांची गरज नाही. ज्यांना आहे त्या आत्ता तुमचाच चहा ठेवताहेत. साखर कमी हवी असेल तर हाक मारा, येतील.