फळीच्या कागदापायी

महानंदाच्या हातून भांडं पडलं, तरी घरात कुणी मान वर करत नसे. लग्न होऊन ताडकळसला आल्याला दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्यात घरातला एकही तांब्या पोचा पडल्याशिवाय उरला नव्हता. दार वाजलं की तांब्या, कुत्रं भुंकलं की पातेलं आणि सासऱ्यांनी, म्हणजे मल्लिकार्जुनअप्पांनी, घसा खाकरला की हातात असेल ते. (एकदा हातात काहीच नव्हतं, तेव्हा ती स्वतःच मटकन खाली बसली होती.)

अशा बाईनं घरादाराला समुद्रावर धाडायचा घाट घातला, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. आणि तिनं तो घातलाही नव्हता. तिला फक्त फळीवर अंथरायला कागद हवा होता.

नागपंचमी तोंडावर आली होती. सासूबाई सिद्धम्मा फळ्या पुसता पुसता करवादल्या, "ह्या पेपराची शाई डब्यांच्या बुडाला लागायलीय. कुटं जाड, गुळगुळीत कागद भेटंल का गं?" सासूची मर्जी महानंदाला हवीच होती. बी. ए. झालेल्या महानंदाला परभणीला जाऊन बी. एड्. करायचं होतं आणि अप्पा त्यावर वर्षभर एकच शब्द बोलत होते: "बघू." सासूनं मनावर घेतलं असतं, तर तो "बघू" जरा तरी हलला असता.

कॉलेजातली एक मैत्रीण परदेशी कंपन्यांना पत्रं टाकून फुकट रंगीत पुस्तकं मागवायची, हे तिला आठवलं. अप्पांच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला आलेल्या रद्दीत एक इंग्रजी मासिक होतं आणि त्यात कूपनंच कूपनं. त्यातलं एक ग्रीसच्या जहाजवाल्यांचं. आलिशान बोट भाड्यानं घ्या, बेटाबेटांवरून हिंडा, सचित्र पुस्तक मोफत! 'किती माणसं' या रकान्यात तिनं आधी 'दोन' लिहिलं. मग वाटलं, दोघांसाठी पुस्तकही पातळच पाठवतील. शेवटी दुकानदाराचीच सून ती. तिनं सरळ डझन लिहिलं. नावाच्या जागी 'मल्लिकार्जुनअप्पा अँड सन्स'. (सन एकच होता, तिचा नवरा वीरभद्र. पण नुसतं 'सन' फार गरीब दिसत होतं.) फळ्या तीन होत्या, म्हणून तिनं आणखी दोन कूपनं भरली आणि सगळी एकदमच पेटीत टाकली.

विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमुळं टपाल कुठंकुठं अडकत आलं. पहिलं पाकीट पोचलं ते नेमकं बाजारच्या दिवशी, भर गर्दीत. महानंदा दुकानामागच्या खोलीत तांदूळ निवडत होती.

"अप्पा, परदेशातून आलंय!" पोस्टमन मुंजाजी रस्त्यातूनच ओरडला. "तिकिटावर पुतळा हाय. नागडा!"

अप्पांनी पाकीट हेडमास्तर किशनरावांच्या हाती दिलं. किशनरावांनी चष्मा पुसला आणि वर्गात वाचतात तशा आवाजात मराठी करून सांगितलं, "प्रिय श्री. मल्लिकार्जुनअप्पा, आपण आणि आपले अकरा सोबती आमच्या बोटीवर येणार, याचा आनंद वाटतो. ऐंशी फुटांची बोट, कप्तान, आचारी, सहा खोल्या. तारखा कळवाव्यात."

आत तांदळाचं ताट पालथं झालं.

किशनरावांनी पुस्तकाचं पान उलटलं, झटकन मिटलं आणि पुन्हा हळूच उघडलं.

"काय हाय?" अप्पांनी विचारलं.

"नकाशा," किशनराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. (नकाशात दोन बायका पोहायच्या कपड्यांत ऊन खात पडल्या होत्या.)

समोरचा किराणावाला लिंबाजी, अप्पांचा तीस वर्षांचा दुष्मन, पोट धरून हसायला लागला. "अप्पा, तुमी आन जहाजात? नांदेडच्या पुढं गेलाव का कधी?"

अप्पा हे पत्र फाडून फेकणार, असं महानंदानं दाराआडून डोळे मिटून मनाशी ठरवून टाकलं होतं. अप्पांनी पगडी सारखी केली.

"जायलोत की! दिवाळी झाली की निघालोत."

तिथून पुढं महानंदाला रोज नवा धक्का. ग्रामपंचायतीनं अप्पांना शाल आणि नारळ दिला. कुणी म्हणालं, पोराचा कान वाहतोय, येताना समुद्रफेस आणा. सिद्धम्मा तर भाजणीला बसल्या. "तो आचारी मासे शिजविल्याल्या भांड्यातच वरण टाकील. माझं पीठ मी नेनार."

आणि एका सकाळी महानंदा अंगणात सडा घालायला गेली, तर शेजारची कस्तुराबाई कडुलिंबाच्या झाडाला मडकं टांगत होती.

"ह्यात काय आहे, मावशी?"

"माझी सासू."

बादली गेली.

"मागल्या श्रावणात गेली न्हाई का? कुणी काशीला जाईल मनून हाडं ठिवली होती. तुमी तर पार समुद्रात जायलाव. मधोमध सोडा तिला. काठाला नगं, परत येईल!"

सिद्धम्मा आतून धावत आल्या. "अगं, आमच्या लिंगायतांत मढं पुरतेत! आमच्या झाडाला ही कामून?"

"पुरा वो तुमची. माझी टांगू द्या."

त्या मडक्याखालून ये-जा करताना महानंदाला घाम फुटायचा. खरं सांगावं, तर बी. एड्. बुडालं. गप्प राहावं, तर अप्पांची भर बाजारात इज्जत जाणार. निघायला चार दिवस उरले, तेव्हा ती पाण्याचा तांब्या घेऊन अप्पांसमोर उभी राहिली.

"मामा, ते पत्र..."

"तू लिवलंस. मालूम हाय."

तांब्या पडला. अप्पांनी सवयीनं पाय वर घेतले.

"गावात इंग्रजी येनारी मानसं दोन. किशनराव माझं नाव मराठीत सुदा चुकतो. मग राहिलं कोन?"

"मग तुम्ही 'जायलोत' का म्हणालात?"

"लिंबाजी हसला मनून!"

"आता काय करायचं? आणि माझं बी. एड्..."

"बघू," अप्पा म्हणाले.

ठरल्या दिवशी स्टँडवर गाव लोटलं. अप्पांनी गळ्यातला हार सावरत जाहीर केलं, "समुद्रावर जायच्या आधी ट्रायल घ्यावी लागती. आज गंगाखेडला गोदावरीत ट्रायल. खोटं वाटत आसंल त्यानं सोबत यावं." खोटं वाटणारा लिंबाजी सगळ्यांच्या आधी एस.टी.त चढला. मागून किशनराव चढले आणि मडकं पोटाशी धरून कस्तुराबाई.

गंगाखेडला होडी दिवसभरासाठी ठरवली. कप्तान होडीवालाच, आचारी सिद्धम्मा. बेट म्हणून नदीत वाळूचा एक ढिगारा होता, त्यावर दोन म्हशी ऊन खात पडल्या होत्या. (किशनरावांनी त्यांच्याकडं बघून सुस्कारा सोडला.) होडी हलली आणि महानंदानं वीरभद्रचा दंड असा काही धरला, की पुढं आठ दिवस त्यावर पाच बोटं दिसत होती.

मधोमध कस्तुराबाईनं मडकं रिकामं केलं. "मास्तर, ही समुद्रात कवा पोचंल?"

"आपल्या आधी," किशनराव म्हणाले.

"परत?"

"नदी उलटी वाहत नाही, बाई."

कस्तुराबाईनं समाधानानं पदर खोचला. इतक्यात होडी डुलली. अप्पांचा चेहरा पिवळा पडला, कपाळावर घाम आला. आता अप्पांची गंमत बघायची, म्हणून लिंबाजी पुढं वाकला आणि अप्पांच्या आधी तोच भडाभडा ओकला. ते पाहिल्याबरोबर अप्पांचा चेहरा आपोआप ताळ्यावर आला.

परत आल्यावर स्टँडवर लोकांनी विचारलं, "मग, अप्पा? समुद्र कवा?"

"कॅन्सल!" अप्पांनी लिंबाजीच्या खांद्यावर हात टाकला. "ह्याला पानी सोसत न्हाई. आन शेजारधर्म सोडून मी एकटा कसा जाऊ?" लिंबाजी अजून तोंडच पुसत होता.

घरी सिद्धम्मांनी जहाजाचं पुस्तक उसवून पहिली फळी सजवली. बायकांची पानं पालथी अंथरली. (किशनराव चहाला आले की कुठला ना कुठला डबा उचलून बघत.) फळी अशी झकास दिसत होती, की सिद्धम्मा स्वतः म्हणाल्या, "अवो, पोरगी हुशार हाय. जाऊ द्या की परभणीला."

अप्पांनी घसा खाकरला. महानंदानं तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"बघ..." एवढंच ते बोलले असतील, तोच दारात मुंजाजीचा आवाज आला.

"अप्पा, अजून दोन पाकिटं आल्यात! एकावर बर्फाचा डोंगुर हाय, एकावर उडतं इमान. मास्तरनं फोडून वाचली, दोन्हीत बारा-बारा मानसं लिवल्यात!"

तांब्या पडला.

अप्पांनी एकदा पाकिटांकडं पाहिलं, एकदा उरलेल्या दोन फळ्यांकडं आणि मग मुलाला हाक मारली. "वीरभद्र! हिचं नाव बी. एड्.ला घाल. उद्याच्या उद्या घाल! हितं ऱ्हायली तर सक्रांतीच्या आत आपल्याला चंद्रावर धाडंल. आन खोली बघताना एक ध्यानात ठेव, पोष्टापासून लांब बघ."