सावद्याचं विमान धुळ्यात

दिल्लीचं विमान रद्द झालंय, पुढची जागा चार दिवसांनी मिळेल, असं औरंगाबादच्या विमानतळावरच्या बाईंनी सांगितलं, तेव्हा सकाळी सावद्यात घातलेला हार चुडामण नानांच्या गळ्यात तसाच होता.

खताच्या एका कंपनीनं केळीच्या घडांची स्पर्धा ठेवली होती. नानांचा घड सगळ्यांत भारी निघाला आणि जोडप्यानं विमानानं दिल्ली पाहून यायचं बक्षीस लागलं. त्यांच्या गल्लीतून आजवर कोणी विमानात बसलं नव्हतं. म्हणून बँड लागला. सरपंच झुलाल आबांनी भाषणात "नाना आज आपल्याला सोडून वर चालले आहेत" असं म्हटलं, आणि दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. एवढा निरोप घेऊन आता त्याच संध्याकाळी एस.टी.नं परत उतरायची वेळ नानांवर आली होती.

"आता गावात कोन्या तोंडानं जायचं?" ते म्हणाले.

कमलबाई बॅगेवर बसून शांतपणे घाम पुसत होत्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या चुलीपासून सुटल्या होत्या. "जायचंच नाही," त्या म्हणाल्या. "सुटी लागली ती लागली."

जळगावला जावं, तर केळीच्या धंद्यातली निम्मी माणसं तिथंच भेटायची. धुळ्यात मात्र नानांना कुत्रंही ओळखत नव्हतं. कमलबाईंची चुलतबहीण तानुबाई तिथं राहायची, पण तिचं नाव काढताच कमलबाईंनी हात जोडले. "तिच्याकडे गेलं का मी पोयाच लाटत बसन. लॉजवर चला."

स्टँडजवळच्या लॉजमध्ये वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. मॅनेजर सुकदेव मोठा अगत्याचा माणूस, कमलबाईंना पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचा. सकाळी चहा खोलीत येतो हे कळल्यावर कमलबाईंनी तो अंथरुणातच घेतला. मग आणखी एक मागवला, खरंच येतो का ते बघायला. तो आला. त्यानंतर त्यांनी दिल्लीचं नाव काढलं नाही. दुपारी झोप, उठल्यावर गॅलरीत बसून आग्रा रोडवरचे ट्रक बघणं आणि एकच सिनेमा दोनदा, असा त्यांचा कार्यक्रम लागला.

नानांना मात्र गावचं कोणी भेटायची धास्ती होती. कोणी ओळखू नये म्हणून त्यांनी काळा गॉगल घेतला आणि भर एप्रिलात माकडटोपी घातली. त्यामुळे सगळं धुळं त्यांच्याकडे वळून बघू लागलं. एका हवालदारानं तर थांबवून नाव-गावही विचारलं.

तिसऱ्या दिवशी खानावळीत शेवभाजी खाताना समोर कौतिक येऊन बसला. गल्लीतलाच माणूस, काही कामानं धुळ्यात आलेला. त्यानं टोपीतलं तोंड बराच वेळ न्याहाळलं.

"नाना? तुम्ही दिल्लीले नाही गेले?"

"जाऊ राह्यलो," नाना म्हणाले. "इमान इथं थांबलंय. तेल टाकाले."

"तीन दिवस?"

"टाकी मोठी आहे."

नानांच्या शब्दावर अविश्वास दाखवणं कौतिकच्या रक्तात नव्हतं. त्यानं मान डोलवली, भाजी संपवली आणि संध्याकाळच्या गाडीनं सावदा गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकदेव धापा टाकत वर आला. "नाना, तुमनं बठ्ठं गाव येल शे."

सगळं गाव? नानांनी गॅलरीतून डोकावलं. खाली मॅटाडोर उभी होती आणि तिच्यातून सरपंच, कौतिक आणि वीसेक बाया-माणसं उतरत होती. विमान एवढं जवळ आलंय तर बघून घेऊ, म्हणून आली होती. "मी गेलो म्हणून सांग," असं कमलबाईंच्या कानात कुजबुजून नाना न्हाणीत शिरले आणि त्यांनी आतून कडी घातली.

कमलबाई खाली गेल्या. खोटं बोलायला लागणारी घाई आता त्यांच्या अंगात उरली नव्हती. विमान रद्द झालं, चार दिवस आपण इथंच आहोत, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. न्हाणीच्या झरोक्याशी नाना डोळे मिटून लोकांच्या हसण्याची वाट बघू लागले. कोणी हसलं नाही. खालून सरपंचांच्या बायकोचा, कुंदाबाईंचा आवाज आला.

"चहा वर आनून देतात?"

"मागसान तितक्यांदा."

"अन् सैपाक?"

"आपन फक्त जेवायचं."

मग जिन्यावर पावलं वाजली. नाना बाहेर आले तेव्हा त्यांच्या पलंगावर सात बाया बसल्या होत्या आणि सुकदेव चहा मोजत होता. मॅटाडोर फक्त पुरुषांना घेऊन परत गेली. विमानाचा दिवस उगवला तेव्हा कमलबाई कुशीवर वळून म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मले इथंच बरं आहे."

नाना एकटेच उडाले. चार दिवसांनी सावद्याच्या स्टँडवर उतरले, तेव्हा ढग वरून कसे दिसतात याचं वर्णन त्यांनी मनात तयार ठेवलं होतं. समोर सगळे पुरुष जमलेच होते. दाढी वाढलेले झुलाल आबा पुढे आले.

"इमानाचं मंग सांगा, नाना. वरनाले फोडनी आधी द्यायची का मंग?"

नानांनाही ते ठाऊक नव्हतं. शेवटी सगळे मिळून पोस्टात गेले आणि धुळ्याला ट्रंक कॉल लावला. तासाभरानं लाइन लागली. नानांनी घसा साफ करून कमलबाईंना बोलवायला सांगितलं.

"अक्का झोपेल शे," सुकदेव म्हणाला आणि त्यानं हळूच फोन ठेवला.