साळुंकेकाकांची बुटकी सायकल

साळुंकेकाकांच्या हातात पिशवी द्या, ते आधी तिचं वजन करतात. आत कोथिंबिरीची एक जुडी असली तरी. सायकलच्या हँडलला भंगारवाल्यांकडे असतो तसा आकड्याचा काटा लटकवलेला आहे. त्याला पिशवी अडकवायची, चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे बारीक करून आकडा वाचायचा आणि "चालशे" म्हणायचं. घरात चोख मराठी बोलणारे काका सायकलला हात लावला की गुजराती होतात.

सायकलही बघण्यासारखी. चाकं वीस इंची, शाळकरी पोरांच्या सायकलला असतात तेवढी. पुढे जाळीची बास्केट, आणि मागे छाणी गावातल्या एका वर्कशॉपमधून मुद्दाम वेल्डिंग करून लांब केलेलं कॅरिअर. ते इतकं बुटकं की बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकावेत. काका स्वतः सहा फूट. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते म्हणे, मिशा तरी त्याच घराण्यातल्या वाटतात. असा माणूस त्या सायकलवर ताठ बसून, गुडघे दोन्ही बाजूंना फाकवून तरसालीच्या रस्त्यावर आला की रिक्षावाले माना वळवून बघतात. खोटं कशाला बोलू, आमच्या सोसायटीत सगळ्यात जास्त मीच हसले आहे. एकदा तर तोंडावर विचारलं, काका, ही मोठी कधी होणार? म्हणाले, "मी म्हातारा झालो की." वय वर्षं एकाहत्तर.

पण काम सांगावं तर काकांनाच. सोसायटीतली सगळी दळणं तेच नेतात. समोरच्या कोकिळाबेनचा मिक्सर दुरुस्तीला न्यायचा, कुणाची लोणच्याची बरणी लेकीकडे पोचवायची, सगळं काका. गंमत म्हणजे हलकं काम ते घेत नाहीत. माझी इस्त्रीची साडी आणायला सांगितली तर काटा बघून म्हणाले, यात काय आहे, तूच जा. बरं, हे प्रकरण वाढत चाललं होतं. दिवाळीला दहा किलोंवर खूश असणारा माणूस संक्रांतीला विसाच्या खाली बोलेना. सासरे आमचे म्हणाले, निवृत्तीनंतर काहींचं असं होतं.

दुसरी तऱ्हा भाजीची. आम्हाला आणून देतील ती भाजी कशी, तर कोवळी, ताजी, नखानं तुटणारी. आणि स्वतःच्या घरी? जून पापडीच्या शेंगा, बियांनी गच्च वांगी. रोज संध्याकाळी सुमनकाकूंचा आवाज अख्ख्या लाइनीला ऐकू यायचा. ही पापडी आहे का चामडं, डोळे कुठे ठेवले होते, मी असते तर त्या भाजीवालीला अशी झाडली असती. काका खाली मान घालून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच आणायचे.

शेवटी मीच त्यांना फाटकाशी गाठून झापलं. बायकोला तेवढी जून भाजी खायला घालता, लाज नाही वाटत? काकांनी आधी मागे वळून ओट्यावर कुणी नाही ना, हे बघितलं.

"चांगली आणली तर ती स्वतः निवडायला कशाला येईल?" ते हळूच म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी काका-काकू स्कूटरवरून येत होते. रस्त्यावरच्या बंपवर गाडी उडाली, काकू मागच्या मागे पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. स्कूटर काका चालवत होते. हाड जुळलं, डॉक्टरांनी हिंडाफिरायला सांगितलं, पण काकू दवाखान्यातून घरी आल्या त्या फाटकाबाहेर म्हणून पडल्या नाहीत. रिक्षातसुद्धा बसायच्या नाहीत. चाक दिसलं की हातपाय गार पडतात म्हणायच्या. एके काळी अख्खा भाजीबाजार हलवून येणारी बाई! तिला एकदा त्या बाजारात नेऊन उभी करायची, एवढंच काकांनी मनावर घेतलं होतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाचे गहू दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून कोठीत भरतात. त्यातले थोडे घडियाळी पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, नणंदेकडे पाठवायचे होते. काका काटा घेऊन हजर. फाटकाच्या पाइपाला तो टांगून दोन पिशव्या तोलल्या. पंचवीस आणि पंचवीस.

ते म्हणाले, अजून चार घाल.

मी म्हटलं, पन्नास पुरेत की काका, नणंदेकडे माणसं तीन.

"चोपन्न हवेत," ते म्हणाले आणि कॅरिअरची दोरी आवळत बसले. गाठ केव्हाच बसली होती, तरी आवळत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या काकूचं वजन तेवढं आहे. एकदा पाडलंय मी तिला."

मी आत जाऊन चार किलो गहू मोजून आणले. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून उगाच दिवेलाच्या वासाला नावं ठेवली.

गहू काही लगेच पोचले नाहीत. नणंद फोनवर फोन करायची, वहिनी, निघाले का? निघाले होते ना. रोज सकाळी निघायचे, सोसायटीला चार फेऱ्या मारायचे, बंपवरून हळूच उतरायचे आणि परत काकांच्या ओट्यावर यायचे. असे आठ दिवस. नवव्या दिवशी काकांनी ते नणंदेकडे पोचवले आणि येऊन मला सांगितलं, एकदासुद्धा हलले नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी मी दळणाचा डबा घेऊन बाहेर आले, तर काकू ठेवणीतलं पातळ नेसून ओट्याखाली उभ्या. कॅरिअरवर गोधडीची घडी. मला वाटलं, जिंकले काका. पण काकूंची अट होती. त्या बसणार, काकांनी मात्र बसायचं नाही, सायकल हातात धरून चालत न्यायची. एवढा सगळा सराव पाण्यात! काकांनी हँडल घट्ट धरलं. काकू बसल्या, दोन्ही पाय जमिनीला टेकतात हे दोनदा बघितलं आणि काकांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. दहा पावलं चालायचं, थांबायचं. लोक ओट्यांवर आले होते, पण कुणी हसलं नाही. कोकिळाबेन पदर डोळ्यांना लावून उगाच तुळशीला पाणी घालत राहिल्या.

फाटकाशी सायकल थांबली. काकू समोरच्या रस्त्याकडे बराच वेळ बघत होत्या. आता उतरतात, असं मला वाटलं.

"बसा आता तुम्ही," त्या म्हणाल्या. "असे चाललात तर पोचेपर्यंत बाजार उठेल."

काका सीटवर बसले खरे, पण पाय पेडलवर ठरेना. काकूंनी मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "मी आहे ना धरून."