साळोजीच्या अनुभवाचा दाखला

या लेकरांनो, बसा निवांत. गोष्ट काही पळून जात नाही.

एका जंगलाला लागून एक टेकडी होती. टेकडीपलीकडे अस्वलाचं रान. अस्वल म्हणायचं, टेकडी माझी. टेकडीवरचे म्हणायचे, आमचे आम्ही. त्यांनी पळसाच्या पानाचं निशाण लावलं आणि साळोजी नावाच्या साळिंदराला अध्यक्ष केलं.

आता तिथला कायदा असा. जंगलच्या राजाने शिक्का मारून 'ही टेकडी आहे' म्हटलं, की अस्वलाने तिच्यावर चढायचं नाही. जंगलातले सगळे टेकडीचे सोयरे. लेकी द्यायचे, बोरं पाठवायचे, लग्नात जेवून जायचे. शिक्का तेवढा मारायचे नाहीत.

"टेकडी आहे हो," म्हणायचे, "पण कागदावर नको. अस्वल रागावेल."

बारा वर्षं साळोजीने अर्ज लिहिले. टेकडीचा शिक्का खारमावशीकडे. ती फुंकर मारून तो उमटवायची. अर्ज जायचा, तसाच परत यायचा.

मग जंगलचा राजा वारला. "अस्वलासमोर बारा वर्षं उभा राहिला, असा गडी आपल्यात कोण आहे?" म्हणत जंगलवाल्यांनी साळोजीला वाजतगाजत नेऊन खुर्चीवर बसवलं. टेकडी नाचली. आपला साळोजी राजा!

दुसऱ्याच दिवशी खारमावशी अर्ज घेऊन हजर. अस्वल पायथ्याच्या बोरीपर्यंत आलं होतं, आणि वर ढोलीत तिची तीन पिल्लं होती.

राजाने अर्ज वाचला. "अक्षर सुरेख आहे. कुणाचं?"

"तुझंच की रे मेल्या!"

"असेल. पण मावशी, कागदावर नको. अस्वल रागावेल."

मावशी तिथंच बसून शेपूट विंचरू लागली.

तेवढ्यात सरडा कारकून फाइल घेऊन आला. "महाराज, अनुभवाचा दाखला राहिलाय. त्याशिवाय खुर्ची पक्की होत नाही. मागे कोल्हा रांगेत आहे."

"अरे, बारा वर्षं अध्यक्ष होतो की!"

"कुठे?"

"टेकडीवर."

सरड्याने यादी चाळली. "अशी टेकडी नाही."

राजाचे काटे उभे राहिले. "मावशी, शिक्का आणलायस ना? दे बरं एक दाखला."

"देते की बाळा. पण नसलेल्या टेकडीचा शिक्का चालतो होय?"

"नाही चालत," सरडा म्हणाला.

दाराबाहेर कोल्हा खाकरला.

राजा ताडकन उठला. "टेकडी म्हणजे माझा श्वास आहे!" म्हणाला, आणि अर्जावर असा शिक्का हाणला की वरचे पोपट उडाले.

मग मावशीने दाखला लिहिला. 'साळोजी आमच्याकडे बारा वर्षं होता. वागणूक ठीक.'

अस्वलाने शिक्का हुंगून पाहिला. रागावलं का? रागावलं थोडं. मग करवंदाच्या जाळीत शिरलं.

तात्पर्य : आपला पुढारी मोठा झाला, तर त्याला हार जरूर घाला. पण त्याच्या खुर्चीचा एखादा कागद घरीच अडकवून ठेवा; म्हणजे त्याचं मातृभूमीवरचं प्रेम आटत नाही.