तोंड लावल्यास विकत घ्यावे लागेल

दुसऱ्या दिवशी एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं आणि दशरथ लोणकर सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होते. त्याचं कारण लग्न नव्हतं. लग्नाची सगळी तयारी ललिताबाईंनी कधीच उरकली होती. दशरथरावांकडे त्यांनी जाणूनबुजून एकच काम ठेवलं होतं, एक फ्लुगलहॉर्न, म्हणजे फुंकून वाजवायचं एक वाद्य, पसंत करून आणायचा, आणि ते काम तीन आठवडे होत नव्हतं.

"अहो, एका जागी बसा की जरा," ललिताबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे बघून पाहुण्यांना चक्कर यायला लागलीय."

बसणं हे दशरथरावांच्या हातात राहिलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी बसमध्ये कंडक्टरकी केली होती, म्हणजे एकतीस वर्षं ते उभे होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी बिबवेवाडीच्या त्या दोन खोल्यांत ते जेवता जेवता उठत, खिडकीपर्यंत जाऊन येत आणि दारात गर्दी दिसली की पाहुण्यांनासुद्धा पुढे सरकायला सांगत.

तरुणपणी सुट्टीच्या दिवशी ते सोनबांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत. बिबवेवाडीतल्या कुठल्याही मुलीची पाठवणी असली की दशरथ एक संथ चाल वाजवायचा आणि नवरीपासून गाडीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे रडायचे. स्वतः दशरथ मात्र कोरडा. वाजवणाऱ्यानं रडायचं नसतं, ओठ सुटतात, ही सोनबांची शिकवण. पूर्वा हे सगळं बघत मोठी झाली. पुढे ती हिंजवडीला नोकरीला लागली, तिथेच तिचं लग्न ठरलं, आणि तिनं बापाकडे एकच गोष्ट मागितली. "बाबा, माझ्या वेळी डीजे-बिजे नको. तुम्ही वाजवा." दशरथरावांनी शब्द दिला आणि दिल्यावर त्यांना आठवलं की हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ट्रम्पेट बंद करायला सांगितलंय.

ते तडक सोनबांकडे गेले. ऐंशी वर्षांच्या सोनबांनी खाटेवर पडल्या पडल्याच निकाल दिला. "फ्लुगलहॉर्न घे. ट्रम्पेटचाच चुलतभाऊ हाय, पर पोटानं मोठा आन् आवाजानं मऊ. ट्रम्पेट हुकूम सोडतो, ह्यो समजूत काढतो. जोरबी कमी लागतो." डॉक्टरांनी बरंच कुरकुरून एका गाण्यापुरती परवानगी दिली.

एवढं झाल्यावर प्रश्न सुटायला हवा होता, पण मध्ये बुधवार पेठेतलं शरच्चंद्र परचुऱ्यांचं दुकान आलं. दशरथरावांनी जेवढी दुकानं पालथी घातली त्यांत फ्लुगलहॉर्न म्हटल्यावर सनई पुढे न करणारं हे एकच. परचुऱ्यांकडे दोन होते, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एक पिवळा आणि एक चंदेरी. दोन्ही काचेच्या कपाटात होते आणि काचेवर पाटी होती: 'तोंडाने वाजवायची वाद्ये तोंड लावल्यास विकत घ्यावी लागतील.'

"मग पसंत कसा करायचा?" दशरथरावांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"डोळ्यांनी," परचुरे म्हणाले. "साडी घेताना धुऊन बघता का?"

"अहो, पण वाद्य आहे."

"उष्टं वाद्य पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. तीस वर्षं दुकान चालवतोय. मी स्वतः एका वाद्याला तोंड लावलेलं नाही, तर तुम्हाला कसं लावू देऊ?"

त्यात कुणी मोहात पडून फुंकू नये म्हणून परचुऱ्यांनी सगळ्या वाद्यांची माउथपीसं, म्हणजे ज्याला ओठ लावतात तो पुढचा छोटा पेला, काढून ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवली होती. पैसे दिले की कुलूप उघडायचं. त्यामुळे दशरथराव तीन आठवडे रोज जायचे, दोन्ही शिंगांकडे टक लावून बघायचे आणि परत यायचे. सोमवारी त्यांना पिवळा आवडला. मंगळवारी चंदेरी. बुधवारी पुन्हा पिवळा, पण घरी येताना बसमध्ये मन फिरलं. रात्री झोपेत ते कूस बदलत आणि ललिताबाई विचारत, "आता कुठला?"

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांच्या डोक्यात अचानक प्रकाश पडला. शिंगाला आपलं तोंड लागू द्यायचं नाही ना, मग आपलं माउथपीस नेऊ. जुन्या ट्रम्पेटचं माउथपीस त्यांनी देव्हाऱ्याच्या खालच्या खणात जपून ठेवलं होतं. ते खिशात टाकून, संध्याकाळी पाचच्या हळदीला वेळेत येतो असं सांगून, ते निघाले आणि एकला वीस कमी असताना दुकानात पोचले.

परचुऱ्यांनी युक्तिवाद ऐकला. नियमात बसत होता, त्यामुळे त्यांना तो आवडला नाही, पण नाकारताही येईना. "दहा मिनिटं," ते म्हणाले. "एकला शटर पडतं, ते चारला उघडतं. ते कुणासाठी थांबत नाही, माझ्यासाठीसुद्धा."

त्यांनी पिवळं शिंग बाहेर काढलं. दशरथरावांनी माउथपीस बसवायला घेतलं, ते बसेना. ट्रम्पेटचा दांडा जाड आणि फ्लुगलहॉर्नचं भोक लहान, ही गोष्ट सोनबा सांगायला विसरले होते. दांडा जेमतेम टोकाएवढा आत गेला आणि डुगडुगू लागला. भिंतीवरच्या घड्याळात एकला पाच कमी झाले होते. आता बसचं दार अडकलं, तिकिटाचं मशीन अडकलं, खिडकी अडकली, तर कंडक्टर काय करतो? दशरथरावांच्या तळहातानं एकतीस वर्षांच्या सवयीनं माउथपीसवर एक दणका दिला.

माउथपीस बसलं. दशरथरावांनी घाईघाईनं फुंकलं, आजारी रेडकू ओरडावं तसा आवाज आला, आणि तो पिवळ्याचा दोष की जोडणीचा हे बघायला त्यांनी माउथपीस काढायला घेतलं. ते निघेना. परचुऱ्यांनी ओढून पाहिलं. मग दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. एक वाजला.

"हा आता तुमचा," परचुरे म्हणाले.

"मी तोंड माझ्या माउथपीसला लावलं. शिंगाला कुठे लावलं?"

परचुऱ्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचून पाहिली. शिंग त्यांचं होतं, माउथपीस दशरथरावांचं होतं, आणि दोन्ही वेगळी होईपर्यंत कुणीच आपली वस्तू घरी नेऊ शकत नव्हता. परचुऱ्यांनी शटर ओढलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ते जेवायला न जाता, शिंग सोडवून घ्यायला तांबट आळीकडे वळले. जाताना खिशात त्यांनी ड्रॉवरमधलं पिवळ्याचं खरं माउथपीस घेतलं, शिंग सुटल्यावर धड आहे की नाही हे तपासायला. दशरथरावांचा त्यांच्यावर भरवसा नव्हता आणि त्यांचा दशरथरावांवर नव्हता, म्हणून एकानं शिंगाचं तोंड धरलं होतं आणि दुसऱ्यानं शेपूट. शनिवारच्या गर्दीत वाट आपोआप होत गेली. दगडूशेठ गणपतीच्या रांगेतल्या एका आजींनी तर हातसुद्धा जोडले.

तांबट आळीत दिगंबर तांबट बंब ठोकत बसले होते. त्यांनी शिंग उलटंसुलटं करून पाहिलं, कुणी ठोकलं असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, "भट्टीत धरावं लागंल."

"भट्टीत?" परचुरे मटकन खाली बसले. "चकाकी जाईल."

"मग सोमवारी या. हळूहळू काढतो."

सोमवार म्हटल्यावर बसायची पाळी दशरथरावांची होती, पण ते बसले नाहीत, आळीत फेऱ्या मारू लागले. त्यांनी दिगंबरना पूर्वाबद्दल सांगितलं, पाठवणीबद्दल सांगितलं, शब्द दिल्याचं सांगितलं, तेवढ्यात फोन वाजला. हळद कालवून झाली होती आणि मुलीचा बाप कुठे आहे हे ललिताबाईंना हवं होतं.

"तांबट आळीत."

"भांडी कशाला घेताय आता? सगळी घेऊन झालीत."

त्यांनी फोन ठेवला. दिगंबरनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि लाकडी हातोडी घेतली. दशरथरावांनी शिंग मांडीशी धरलं, परचुऱ्यांनी माउथपीस पिळत ओढायचं आणि दिगंबरनी जोडाभोवती हलके टोले घालायचे असं ठरलं. पाऊण तास टोले पडत होते. तिन्ही माणसं घामाघूम झाली. मग एकदम काही तरी सुटलं आणि परचुरे माउथपीससकट दोन घंगाळांच्या मधे जाऊन बसले.

उठल्या उठल्या त्यांनी कपडे झाडले नाहीत. शिंग घेतलं, खिशातलं खरं माउथपीस लावलं आणि कुठे गळती झालीय का बघायला तिथल्या तिथे फुंक मारली. पहिली वाया गेली. दुसऱ्या फुंकेला मात्र पिवळ्यातून एक सूर निघाला, जाड, मऊ, थोडा थरथरता, आणि तो आळीतल्या सगळ्या तांब्या-पितळेवर जाऊन बसला. परचुऱ्यांनी शिंग खाली घेतलं. त्यांचा चेहरा ओळखू येईना. त्यांनी पुन्हा फुंकलं. मग पुन्हा.

"परचुरे," दशरथराव हळूच म्हणाले, "तोंड लावलंत."

परचुऱ्यांनी शिंगाकडे पाहिलं, दिगंबरकडे पाहिलं. दिगंबर तांबटांनी पाटी वाचलेली नव्हती, तरी त्यांनी खांदे उडवले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानातला नियम मालकाला लागू झाला आणि मालकानं तो मुकाट्यानं मान्य केला. मुकाट्यानं म्हणण्यापेक्षा घाईनं.

दशरथरावांचा प्रश्न त्याबरोबर सुटला. निवडायला आता एकच उरला होता. चारच्या आत दुकान उघडलं गेलं, ही घटना शेजारच्या पुस्तकवाल्यानं बाहेर येऊन पाहिली. परचुऱ्यांनी चंदेरी शिंग पेटीत घातलं, पैसे घेतले, आणि सगळा वेळ त्यांचं एक बोट कडेला ठेवलेल्या पिवळ्यावरून फिरत होतं. दशरथरावांनी रीतीप्रमाणे पत्रिका पुढे केली. परचुऱ्यांनी ती नीट वाचली आणि जेवण किती वाजता ते विचारून घेतलं.

घरी पेटी उघडायला मिळाली नाही. "तुमच्या हाताला ठोकायची सवय आहे," असं म्हणून ललिताबाईंनी ती दागिन्यांबरोबर कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. रात्रभर दशरथराव कपाटापुढून चकरा मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पंगती उठल्या आणि चार वाजता पूर्वा गाडीपाशी येऊन उभी राहिली. सगळे गोलाकार थांबले. सोनबांना पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. दशरथरावांनी पेटी उघडली. चंदेरी शिंग मखमलीत झोपलं होतं, शेजारी पुसायचं फडकं होतं, तेलाची बाटली होती, आणि माउथपीस नव्हतं. ते बुधवार पेठेत ड्रॉवरमध्ये, कुलपात होतं.

त्यांनी मखमल उचकटली, पेटी उलटी केली, खिसे चाचपले. खिशात ट्रम्पेटचं माउथपीस लागलं. त्यांनी ते शिंगाला टेकवलं आणि तळहात वर गेला.

"अहो," ललिताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ठोकू नका."

हात खाली आला. पूर्वा बापाकडे बघत होती आणि हसायचा प्रयत्न करत होती. दशरथरावांनी पुन्हा एकदा पेटी चाचपली. इतक्या मुलींना वाजवून पाठवलं आणि आपली मुलगी मुकी जाणार. तेवढ्यात त्यांच्या कानावर बारीक गुरगुर आली. कोपऱ्यातल्या पंख्याखाली, जेवण आटोपून, शरच्चंद्र परचुरे गाल फुगवून पिवळ्याच्या नुसत्या माउथपीसवर सराव करत बसले होते. रिक्षातही ते हेच करत आले होते.

दशरथराव त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. काय झालं ते परचुऱ्यांना ताबडतोब समजलं. ते खजील झाले, मग त्यांनी हातातल्या माउथपीसकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

"हे उष्टं आहे," ते कबुली दिल्यासारखे म्हणाले.

"मुलगी निघालीय."

परचुऱ्यांनी गाडीकडे पाहिलं. मग रुमाल काढला, माउथपीस दोनदा पुसलं आणि दशरथरावांच्या हातावर ठेवलं.

चंदेरी शिंगाचा आवाज दशरथरावांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पहिला सूर जरा खाली लागला, दुसरा जागेवर आला आणि मग ती जुनी संथ चाल मांडवाबाहेर पसरत गेली. सोनबा म्हणाले होते ते खरं होतं, ह्या आवाजात हुकूम नव्हता. पूर्वा रडली, ललिताबाई रडल्या, ड्रायव्हरनं चष्मा काढला. दशरथरावांच्या डोळ्यांतून तर पाणी नुसतं वाहत होतं, शर्टाची कॉलर भिजली, पण सोनबा त्यांच्या डोळ्यांकडे बघतच नव्हते. ते ओठांकडे बघत होते, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ओठ सुटले नाहीत.

मग दशरथरावांनी माउथपीस काढलं आणि पुसायला शर्टाचं टोक हातात घेतलं.

"राहू द्या," परचुरे म्हणाले. त्यांनी ते तसंच घेतलं, न पुसता, आणि खिशात ठेवलं. "तुमचं उद्या घेऊन जा. एकच्या आत."

दशरथरावांनी मान हलवली. शेजारी एक खुर्ची रिकामी होती. ते तिच्यावर बसले आणि बसूनच राहिले, पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. मांडव उतरवणारे आले, भांडी मोजली जाऊ लागली, तरी ते उठले नाहीत. ललिताबाई लांबून तीन वेळा बघून गेल्या आणि शेवटी त्यांनी भाच्याला, योगेशला हाक मारली.

"जा रे, तुझ्या मामांना बरं वाटतंय ना, बघून ये. केव्हाचे बसलेत."