आत्याची बेचाळीस मिनिटं

माणसाला पोचायचं असतं आणि विमानाला निघायचं असतं, या एका सत्यावर सगळी विमानवाहतूक उभी आहे.

हे सत्य ज्या खोलीत रोज अमलात येई, त्या वेळापत्रक विभागात सहा माणसं, पाच खुर्च्या, एक पाय मोडलेली खुर्ची, चार घड्याळं (पैकी बरोबर एक, कोणतं, याविषयी मतभेद) आणि रंगीत पट्ट्यांचा एक भिंतभर तक्ता होता. मोडकी खुर्ची 'नवी'ची. नवीला विभागात येऊन चार वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणाला घेतलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली. ती भौतिकशास्त्र शिकलेली. मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. कंपनीने मोठ्या मनाने हे चालवून घेतलं होतं.

कंपनीचा कारभार एका मोठ्या विमानतळावरून चाले. सकाळी पन्नास मिनिटांत बावीस लहान गावांहून बावीस लहान विमानं तिथे उतरत, आणि पुढच्या तासाभरात मोठी विमानं त्यातलीच माणसं घेऊन दूरदूर उडत. एक पंगत उठायची, दुसरी बसायची. मधल्या वेळात प्रवाशाने एका विमानातून दुसऱ्यात जावे, यास 'जोडणी' म्हणत. जोडणीला किमान चाळीस मिनिटं पुरतात, असं ठरलेलं होतं. दोन विमानांत त्याहून कमी वेळ असला, तर संगणक ते तिकीट विकतच नसे. जास्त असला, तर आनंदाने विके.

नवीच्या गावाहून आठवड्यातून एक विमान येई, गुरुवारी, आठ वाजून पाच मिनिटांनी. पुढचं विमान निघे आठ सत्तेचाळीसला. बेचाळीस मिनिटं, म्हणजे संगणकाच्या मते दोन मिनिटांची चैन. (दार आठ चाळीसला बंद होई. हे तिकिटावर छापत नाहीत, कारण जागा पुरत नाही.) गावाचं विमान लवकर आणता येत नव्हतं, कारण अग्निशामक गाडीवाचून ते उडू शकत नाही आणि त्या गाडीचा चालक पहिल्या बसने येतो. पुढचं विमान थांबवता येत नव्हतं, कारण पलीकडच्या विमानतळावर त्याला उतरायची वेळ मिळवताना विभागाच्या साहेबांचे केस गेले होते.

तरीही जोडणीची कामगिरी उत्तम होती. शंभरातले अडतीस जण त्याच दिवशी पोचत. उरलेल्या बासष्टांना अहवालात 'यथावकाश पोचणारे' म्हणत, त्यामुळे बेरीज शंभर टक्के भरे.

या बासष्टांत नवीची आत्या दोनदा मोजली गेली होती.

आत्याची लेक पलीकडच्या शहरात. पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले आणि नवरा जहाजावर. आत्या दोन गुरुवारी निघाली आणि दोन्ही गुरुवारी दोन पिशव्या घेऊन नवीच्या दारात उभी राहिली. मोठ्या विमानतळावरूनच बसावं, तर त्या विमानातल्या जागा गावांहून येणाऱ्यांसाठी राखीव. ते वेळेत पोचत नसल्याने रिकाम्या जात. विमान चुकलेल्याला कंपनी बसने गावी नेऊन सोडत असे, म्हणजे त्याला पहिल्यापासून सुरुवात करता येई.

"अगं, लेकीकडे म्हणून निघते आणि तुझ्याकडे पोचते," आत्या म्हणाली. "तुलाच भेटायचं असतं तर बसनेच नसते का आले?"

"आत्या, चाळीस मिनिटं पुरतात असं नियमात आहे."

"नियमाचे गुडघे बघू जरा!"

प्रश्न शास्त्रीय होता. नवीने जुनी फाईल काढली. चाळीस हा आकडा सोळा वर्षांपूर्वी एकदाच मोजला गेला होता. चाचणी-प्रवासी: एक. वय: सव्वीस. सामान: नाही. पादत्राणे: धावण्याची. गर्दी: नाही (सुट्टीचा दिवस). खालची सही ओळखीची होती.

"सर, हे तुम्ही?"

"मीच. आणि तेही घाईत," साहेब म्हणाले. "कॅन्टीन बंद व्हायला आलं होतं."

"मग पुन्हा मोजायचं का?"

"मोज की! पण बेचाळिसाच्या वर गेलीस तर तुझ्या गावाची जोडणी संगणकातून उडेल. जोडणी गेली की ते विमान रिकामं. आणि रिकामं विमान आपण किती आठवडे उडवतो, हे तुला मी सांगायला नको."

(तीन.)

त्याच दुपारी पास काढून नवीने आत्यासह मोजलं. चालणं: एकोणतीस मिनिटं. तपासणीची रांग: सतरा. स्वच्छतागृह: सहा. बाकावर टेकणं: पाच. रस्ता विचारणं: चार (पैकी तीन, सांगणाऱ्या बाईंच्या गुडघ्यांची चौकशी). एकूण एकसष्ट.

आता शास्त्राची पंचाईत झाली. आकडा तसाच ठेवला तर आत्याचं विमान चुकत होतं. खरा लिहिला तर चुकायला विमानच उरत नव्हतं. आकडा बदलता येत नसेल तर नमुना बदलावा, असं शास्त्र सांगतं. (असं करू नये, हेही शास्त्र सांगतं, पण ते पुढच्या प्रकरणात.)

नवीने रजा टाकली आणि आत्याला घेऊन गाव गाठलं. बाळ यायला जेमतेम पंधरा दिवस होते. मधला गुरुवार सरावाला सोडून पुढच्या गुरुवारच्या तेवीस प्रवाशांना तिने विमानतळाच्या आवारात बोलावलं आणि खडूने मोठ्या विमानतळाचा रस्ता आखला: अकराशे चाळीस मीटर, सात वळणं. जिन्यांच्या जागी पार्सलची खोकी ठेवली. शिकवायला अग्निशामक गाडीचा चालक आपणहून पुढे आला. तीस वर्षांत त्याच्या वाट्याला एकही आग आली नव्हती. ती त्याने प्रवाशांच्या पायाखाली लावली. प्रतीक्षालयात सूचना लागली:

'पट्टे, घड्याळे व नाणी विमानातच उतरवावीत. नैसर्गिक विधी हवेत उरकावेत. रस्ता विचारू नये, पाठ करून यावा. ओळखीचे कुणी भेटल्यास हसावे, थांबू नये.'

"काकू, गुडघा उचला!" चालक शिट्टी फुंकून ओरडे.

"उचलते रे बाबा! माझी लेक तिकडे एकटी आहे, तू शिट्टी कसली वाजवतोस? घड्याळ बघ!"

पहिल्या दिवशी आत्याला अठ्ठावन्न मिनिटं लागली, सहाव्या दिवशी शेहेचाळीस, तेराव्या दिवशी छत्तीस. त्याखाली ती काही केल्या येईना. दरम्यान गावातल्या सभा वेळेवर संपू लागल्या, आणि पोस्टात बोलत उभं राहणाऱ्यांचं प्रमाण एकतीस टक्क्यांनी घटलं.

गुरुवारी नवी मोठ्या विमानतळावर पुढच्या विमानाच्या दाराशी घड्याळ घेऊन उभी राहिली. आठ पाचला विमान उतरलं. आठ पस्तीस झाले, छत्तीस झाले, सदतीस झाले. दार लावणाऱ्या बाईंनी दाराला हात घातला. तेवढ्यात वळणावरून तेवीस माणसं आली, कुणी बोलत नव्हतं, बहुतेकांची पादत्राणं हातात. सर्वांत पुढे दोन पिशव्यांसह आत्या. नवी दिसताच ती नियमाप्रमाणे हसली आणि न थांबता आत गेली.

तेहतीस मिनिटं चाळीस सेकंद.

शनिवारी दुपारी मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. आजी हजर.

नवीने नोंद प्रामाणिकपणे केली. चाचणी-प्रवासी: तेवीस. सरासरी वय: त्रेपन्न. साहेबांनी ती दोनदा वाचली.

"त्रेपन्न वर्षांच्या गुडघ्यांना चौतीस मिनिटं पुरतात," ते हळहळले, "आणि सोळा वर्षं आपण लोकांना चाळीस वाटत बसलो!"

किमान वेळ चौतीसवर आला. बावीसही गावांच्या जोडण्या आवळून वाचलेल्या वेळात तेविसावं विमान बसवण्यात आलं. नवीला चारही पाय असलेली खुर्ची मिळाली.

नवा नियम एक तारखेपासून सर्व प्रवाशांना लागू आहे. आपण सराव केला आहे काय, असं तिकिटाच्या अर्जात विचारलेलं नाही.

ही गोष्ट वाचायला सर्वसाधारण वाचकाला, बसल्या जागी, सहा मिनिटं दहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आत्या दुसऱ्या सरकत्या जिन्यावर असते.